दम लागतो का?

तो फॉर्म मराठीत मी आणला. मूळचा इंग्रजी होता, दोन पानी. खेळाडूंच्या क्षमता-चाचण्या घेण्याआधी प्रत्येकाच्या आरोग्याची माहिती भरून घ्या, असं पत्र आमच्या ज्युनिअर कॉलेजला आलं होतं. मी तिथला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, म्हणजे ते काम माझंच. कागद एकाच पानात बसावा म्हणून मी प्रश्न छाटत गेलो. सातव्या प्रश्नात बरंच काही विचारलं होतं. बरोबरीच्या खेळाडूंच्या मानाने तुला लवकर किंवा वेगळाच दम लागतो का, त्या वेळी छातीत दुखतं का, चक्कर येते का, काळीज अडखळल्यासारखं वाटतं का. त्या सगळ्याचे मी तीन शब्द केले. 'दम लागतो का?'

मी शिरूर तालुक्यातच वाढलो. आमच्याकडे दम म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. 'त्याच्यात दम नाही' म्हटलं की माणूस निकालात निघतो. पळणाऱ्या पोरापोरींना भर मैदानात हा प्रश्न विचारणं म्हणजे तुम्ही बिनकामाचे आहात का, असं विचारणं. तरी मी तो तसाच लिहिला, आणि विचारला त्याहून वाईट पद्धतीने.

तेवीस जण रांगेत उभे होते. मी पाठीवर हात बांधून ओरडलो, "दम लागतो का कुणाला? लागत असंल त्यानं हात वर करा."

मागून आवाज आला, "सर, ह्याला लागतो. जेवताना."

"गप ए. तूच जिन्याला टेकतोय म्हाताऱ्यावानी."

सगळे हसले. मीही हसलो. एकही हात वर झाला नाही. ऑफिसात बसून मी तेवीस फॉर्मवर सातव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. आठवा प्रश्न होता, 'घरात कुणी तरुण वयात अचानक वारलं आहे का?' तो तर मी विचारलाच नाही. चाचण्यांचा पहिला दिवस, नारळ फोडून सुरुवात केलेली. अशा वेळी मरणाचं नाव कशाला काढायचं, असं मनात आलं. तिथेही तेवीस वेळा 'नाही' लिहिलं.

त्या तेविसांत ती होती. कवठे येमाईच्या बाजूच्या एका वस्तीवरून रोज एसटीने यायची. आजोबांपर्यंत त्यांचं घर मेंढरं घेऊन फिरायचं. वडिलांनी जमीन कसायला घेतली, आता कांदा आणि चार जनावरं. ती आठशे मीटर पळायची. या शर्यतीसाठी शरीराची दोन्ही कामं लागतात. मुलांना मी ती विहिरीच्या भाषेत शिकवायचो. एरोबिक म्हणजे झरा. श्वासातून येणारा ऑक्सिजन पुरतो तेवढ्याच वेगाने पळा, मोटार तासभर चालेल. अॅनएरोबिक म्हणजे टाकी. भरलेली असते, एकदम जोरात सोडता येते, पण मिनिटभरात तळ दिसतो आणि पाय जड होतात. आठशेला झराही मोठा लागतो आणि टाकीही. त्या मुलीकडे दोन्ही होतं, असं मला वाटायचं. इतक्या वर्षांत माझ्या हातचा एकही खेळाडू जिल्ह्याच्या पुढे गेला नव्हता. हीच जाईल, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दौंडला निवड चाचणी होणार होती, आणि निवड झालेल्यांना राहून प्रशिक्षण मिळणार होतं.

आमच्या मैदानावर मी बीप टेस्ट घेतली. वीस मीटरवर दोन रेघा, स्पीकरवर बीप वाजला की एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर पोचायचं, आणि दर मिनिटाला बीप जवळजवळ येत जातात. ही झऱ्याची परीक्षा. मागच्या खेपेला ती नवव्या पातळीपर्यंत गेली होती. या वेळी सहाव्यालाच थांबली, गुडघ्यांवर हात टेकून.

"काय झालं? दम काढ जरा," मी म्हणालो.

"सर, दम न्हाई लागला."

"मग?"

"पाय धरून कोंबडं उलटं धरल्यावर कसं फडफडतंय, तसं छातीत व्हतंय."

आजूबाजूची पोरं खिदळली. "सर, हिच्या पोटात कोंबडं हाय. पार्टी!" मी त्यांना दटावलं, पण तिलाही म्हणालो, "कोंबडं काही नाही, रविवारी पळाली नाहीस तू." आणि वहीत तिच्या नावापुढे एक शब्द लिहिला. 'आळस.' ती वही माझ्याकडे आहे. तो शब्द मी खोडलेला नाही. खोडण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला टाकीचं काम दिलं. आठ वेळा तीनशे मीटर, मध्ये जेमतेम विश्रांती. पाच झाले. सहाव्याच्या शेवटी रेघ ओलांडून ती चार पावलं चालली आणि पडली. हात पुढे न करता, सरळ तोंडावर. मी पळत गेलो. डोळे उघडे होते, पण त्यात ती नव्हती. कुणीतरी चप्पल हुंगवली, कुणी पाण्याला पळालं. मी मनात आकडे मोजत होतो, का ते माहीत नाही. दहाला तिने डोळे मिटून परत उघडले आणि विचारलं, "किती टायमिंग आलं?"

सगळे म्हणाले, ऊन लागलं. मीही म्हणालो, ऊन लागलं. सकाळचे साडेसात वाजले होते.

तिला सावलीत बसवलं, साखरपाणी दिलं. आणि मग मी जे बोललो ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहितो आहे. मी म्हणालो, "घरी सांगू नको. उगाच घाबरतील."

ती लगेच म्हणाली, "न्हाई सांगत. तुमीबी सांगू नका सर. दादा पळायचं बंद करतील, आन् मग लग्नाचंच बघत्यात."

आमचं ठरलं. अठरा वर्षांची मुलगी आणि सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. तिला तिचं स्वप्न मोडायची भीती होती. मला कशाची होती, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

दौंडच्या फॉर्मवर पालकांची सही लागत होती. दोन दिवसांनी मी मोटारसायकलवरून त्यांच्या वस्तीवर गेलो. ती वडिलांना दादा म्हणते, मी आप्पा म्हणतो. अंगणात कांद्याच्या पाती कापायचं काम चाललं होतं. आप्पांनी हात धुतले, बाजेवर बसवलं, चहा मागवला.

"पोरीत दम हाय ना, सर?"

"आहे ना."

"आसनारच. माझ्या धाकट्या भावावर गेलीय ती. आमच्या मेंढरांच्या समद्या वाड्यात त्याच्यासारखं कुणी पळत न्हवतं."

"ते कुठे असतात आता?"

"ऱ्हातोय कुठं. गेला की." आप्पा हे अगदी सहज बोलले. जुनी गोष्ट होती, बोलून बोलून गुळगुळीत झालेली. "लगीन ठरलं व्हतं त्याचं. आमी मेंढरं घेऊन कोकणात उतरलो व्हतो. कुत्र्यानं एक मेंढी वढली. ह्यो सुटला तिच्यामागं. चढाचं रान, पर काय पळाला म्हनून सांगू. कुत्र्याच्या तोंडातनं सोडवली मेंढी, खांद्यावर घेतली, आन् तसाच खाली बसला. आमाला वाटलं, दम खातोय. लांबनं हाका मारल्या, बसूंदे म्हनलं जरा. जवळ जाऊन बघतोय तर मेंढी त्याच्या मांडीवर तशीच, आन् ह्यो गार."

"काय झालं होतं?"

"कोन म्हनलं लागीर, कोन म्हनलं ऊन. दवाखाना कुठला आलाय तिथं."

ऊन. मी चहाची बशी खाली ठेवली. मैदानावर आम्ही तोच शब्द वापरला होता. आठव्या प्रश्नापुढचं माझं 'नाही' मला डोळ्यांपुढे दिसलं, माझ्याच अक्षरातलं. घरच्या माणसाला विचारलं असतं तर हे सगळं इतक्याच सहज बाहेर आलं असतं. ती गोठ्याच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनीच सांगत होती, बोलू नका.

मी बोललो नाही. आप्पांनी सही केली, मी फॉर्म खिशात घातला आणि निघालो. रस्त्यात एका पुलाशी मोटारसायकल उभी केली. स्वतःच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ बसलो. माझं काळीज नीट चाललं होतं, आणि मला त्याचीच लाज वाटली.

दौंडला आठवडा होता. ते सात दिवस मी कसे काढले, ते लिहिणं अवघड आहे. रोज सकाळी एसटीतून ती उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. उतरली की नवी भीती सुरू. मी तिला पळूच देईना. "आज हलकं घे. आज चाल. आज फक्त अंग ताण." दर दोन मिनिटांनी नाडी मोजायला लावायचो. मैदानात कुठेही काही धप्प वाजलं, एखादा चेंडू जरी पडला, तरी मान झटकन तिकडे वळायची.

"सर, तुमी मला म्हातारीवानी चालवताय," ती म्हणाली.

"मोठ्या चाचणीआधी शरीराला आराम द्यायचा असतो."

हे खरं होतं. पुस्तकात तसंच आहे. मी खऱ्या वाक्याने खोटं बोललो. डॉक्टरकडे नेऊ, असं रोज ठरवायचो. आणि रोज वाटायचं, डॉक्टर विचारतील, आधी कधी पडली होती का? मग फॉर्म निघेल. मग तेवीस 'नाही' निघतील. नोकरीचं काय होईल, आप्पा काय म्हणतील, पेपरात काय छापून येईल. एवढं सगळं मला सुचायचं. त्या मांडीवरच्या मेंढीचं चित्र मात्र मी बाजूला सारायचो.

दौंडला आम्ही जीपने गेलो. न्हावरे, चौफुला, वरवंड. पोरं गाणी म्हणत होती. ती खिडकीशी बसून ओठांनी बीप मोजत होती. मी पुढच्या सीटवरून तिला आरशात बघत होतो. पाटस मागे पडलं तेव्हा ठरवलं, पोचल्यावर सांगायचं. पोचलो, आणि हजेरी सुरू झाली. डॉक्टर मांडवात बसलेले, फॉर्मवर शिक्के मारत होते. तिचाही फॉर्म शिक्का मारून परत आला. सातव्यापुढे 'नाही', आठव्यापुढे 'नाही', त्यावर जांभळा गोल शिक्का.

बीप टेस्टला ती तिसऱ्या पट्ट्यात उभी राहिली. मी बाजूच्या दोरीला धरून उभा होतो. पहिल्या पातळ्या सगळ्यांनाच सोप्या असतात. चौथी. पाचवी. बीप जवळ यायला लागले. सहाव्या पातळीला तिच्या ओठांचा रंग उतरल्यासारखा मला वाटला. खरंच उतरला होता की मला तसं दिसलं, सांगता येत नाही. सातवी सुरू झाली. वळताना तिने डावा हात क्षणभर छातीवर ठेवला आणि लगेच काढला, मी बघतोय हे माहीत असल्यासारखा.

मी दोरीखालून आत गेलो. "थांब!"

ती मला वळसा घालून गेली. पुढच्या बीपला परत आली तेव्हा मी तिचा दंड धरला.

"सोडा सर! दम हाय माझ्यात! हाय की!"

"आहे. थांब."

"मग सोडा!" ती हात हिसडत होती. तेवढ्यात बीप होऊन गेला, आणि पंचांनी तिचा नंबर कापला.

"अहो सर," पंच म्हणाले, "दुसऱ्याची पोरं बाद करतात लोक, तुम्ही स्वतःचीच करताय?"

तिला मी जवळजवळ ओढतच मांडवात नेलं. डॉक्टरांना म्हणालो, हिची छाती तपासा. त्यांनी आधी बसवून, मग झोपवून, मग उभं करून ऐकलं. उभं केल्यावर त्यांनी नळी तशीच धरून ठेवली आणि समोरच्या माणसाला हाताने गप्प केलं. बराच वेळ ऐकत राहिले. मग मला विचारलं, "आधी कधी पडली होती?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती रडत होती, पण म्हणाली, "न्हाई." आमचं ठरलं होतं ते तिने पाळलं. आणि मी, चाळीस पावलांवर सगळ्या मैदानासमोर धीर दाखवून आलेला माणूस, तिथे गप्प राहिलो.

पुण्यात सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. इको म्हणतात. तिच्या काळजाची भिंत नको तिथे जाड होती. जोरात पळताना रक्त अडतं, ठोका चुकतो, आणि एखादे दिवशी तो परत लागत नाही. रक्तातून येणारा आजार, घरातल्या सगळ्यांना तपासा, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. पळणं कायमचं बंद.

ती वाचली. यापुढे मला शांत झोप लागायला हवी होती. पण गावोगाव वेगळीच गोष्ट फिरली. सरांच्या नजरेला कळलं. डॉक्टरनं शिक्का मारला, पण सरांनी नुसत्या बघण्यावरून काळजाचं दुखणं ओळखलं. कॉलेजच्या क्रीडादिनाला मला शाल आणि श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या. ती मुलींच्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि कुणाला काही सांगितलंही नाही. शाल मी कपाटात वर ठेवली, घडी न मोडता.

अशीच चालली असती ही गोष्ट. पण एका सकाळी आप्पा मैदानावर आले. बरोबर धाकटी मुलगी, बारा वर्षांची, थोरलीचे बूट घालून. पुढे कापूस कोंबलेला दिसत होता.

"सर, हिलाबी पळायचंय. थोरलीचं ऱ्हायलं, ही करील."

"आप्पा, हिची तपासणी केली? तुमची?"

"मला काय झालंय? उसाची मोळी उचलतोय अजून. आन् तपासायचं काय, पुन्याला खेटं घालायचं. तुमी हायेत की." त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "चार फेऱ्या पळवा आन् नजर टाका. तुमच्या नजरेला दिसतंय, मशीन काय करायची? हिला न्हाई दम लागत. लागतो का गं?"

"न्हाई," ती म्हणाली आणि जागेवरच उड्या मारायला लागली.

तोच प्रश्न, तोच घमेंडीचा सूर. माझ्या शालीच्या भरवशावर हा बाप पोरीला माझ्यासमोर पळवणार होता. मी 'हो' म्हणालो असतो तर पळवली असती. 'नाही' म्हणालो असतो, तर दुसऱ्या कुणासमोर.

"आप्पा," मी म्हणालो, "माझ्या नजरेला काही कळत नाही."

"आसं कसं म्हनता?"

"थोरली दौंडच्या आधी इथेच पडली होती. या रेघेपाशी. मी तिला सांगितलं, घरी सांगू नको."

त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हणाले, "किती येळ पडली व्हती?"

"दहा मोजेपर्यंत."

"आन् तुमी सही घ्यायला आलता, चा प्यालात, तवा?"

"पडून गेली होती."

"माझ्या भावाचं आईकलंत तवा?"

"तेव्हा कळलं मला. तरी गप्प बसलो. फॉर्मवरही मी न विचारता 'नाही' लिहिलं होतं."

आप्पांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. धाकटी उड्या मारायची थांबली होती. ते तिच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "काढ ते बूट." तिने काढले. एका हातात बूट, एका हातात तिचं मनगट धरून ते रस्त्याकडे गेले. मागे वळले नाहीत.

तीन दिवस मी भीतीत होतो. पोलीस येतील, प्राचार्य बोलावतील ही भीती होतीच. पण जास्त भीती याची होती की आता माझ्या शब्दाला किंमत उरली नाही, आणि ते पोरीला तपासणारच नाहीत. चौथ्या दिवशी थोरलीचा फोन आला. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज ऐकत होतो.

"सर, दादा उद्या पुन्याला चाललेत. धाकटीला घेऊन, आन् सोताबी दाखवणारेत. तुमाला तुमचा तो फॉर्म घेऊन यायला सांगितलंय. आमच्यासमोर भरायचा म्हनले."

दवाखान्याच्या बाकावर आम्ही चौघं बसलो. मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचत गेलो, इंग्रजी फॉर्म शेजारी ठेवून, काही न छाटता. सातवा प्रश्न आला. थोरलीने कागद माझ्या हातून घेतला आणि बहिणीला स्वतःच विचारलं. "पळताना छातीत कवा कोंबडं फडफडल्यावानी व्हतंय का?"

धाकटीने वडिलांकडे पाहिलं.

"खरं सांग," आप्पा म्हणाले. "लाज न्हाई त्यात."

"एकदाच झालतं," ती अगदी हळू म्हणाली. "शाळंत."

थोरलीने कागद परत माझ्यापुढे धरला. मी 'होय' लिहिलं. आठव्यापुढे आप्पांनी भावाचं वय सांगितलं, ते लिहिलं.

आप्पांच्या काळजाची भिंत जाड निघाली. त्यांना गोळ्या आहेत, मोळी उचलणं बंद आहे. धाकटीचं आज तरी ठीक आहे, पण वाढत्या वयात ते केव्हाही दिसू शकतं, दरवर्षी आणा, असं सांगितलं आहे. आप्पा माझ्याशी कामापुरतं बोलतात. चहाला बोलावत नाहीत. पुढच्या महिन्यात धाकटीची पुन्हा तारीख आहे. मला यायला सांगितलं आहे. आतापासूनच मला रोज पहाटे जाग येते, आणि मी पडल्या पडल्या आकडे मोजायला लागतो. दहापर्यंत गेलो की परत एकपासून.